आधी उजेड, मग चकाकी

साताऱ्यात राजवाड्यावर चहाला थांबलो की माझ्या येझदीभोवती दोन-चार माणसं जमतातच. "कुठलं मॉडेल?" "ॲव्हरेज किती देते?" "द्यायची का?" हे तीन प्रश्न ठरलेले. कुणी टाकीच्या क्रोममध्ये स्वतःचा चेहरा बघतो. कुणी म्हणतं, आमच्या वडिलांकडे अशीच होती, विकायला नको होती. पण इतक्या वर्षांत एकाही माणसानं विचारलेलं नाही, की हिचा कटआउट कुठला आहे? चार्जिंग किती येतं?

मीही तो प्रश्न कधी विचारला नव्हता. तो मला आष्ट्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीपासून दोन हातांवर कळला.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेत नात्यातलं लग्न होतं. साताऱ्याहून मी आणि चाचा येझदीवरून गेलो होतो. गाडी नुकतीच नटवली होती. टाकीला नवं क्रोम, साइड पॅनलला मरून रंग, चाकांना नवे स्पोक. लग्नात नवरदेवापेक्षा जास्त फोटो गाडीचे निघाले. परत निघायला रात्र झाली. "मुक्काम करू," असं चाचा म्हणत होते. मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. निघालो.

सांगली सोडली आणि कृष्णा ओलांडली, तेव्हा हेडलाइट पिवळा पडायला लागला होता. आधी वाटलं, धुकं आहे. मग हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायला लागला. हेडलाइटच्या वरचा चार्जिंगचा लाल दिवा तर सकाळपासूनच मिणमिणत होता. चाचांनी तो जाताना दाखवलाही होता. मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, चालायचंच." आष्ट्याच्या अलीकडे इंजिन मिसफायर करायला लागलं. या गाडीचा स्पार्कही बॅटरीवरच असतो. बॅटरी संपत आली की दिवा आणि इंजिन दोघंही बरोबरच माना टाकतात. मी खाली वाकून कॉइलची वायर चाचपली. वर बघितलं तेव्हा समोर ट्रॉली उभी होती. ॲक्सल तुटलेली, मागे एकही रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. माझा दिवा त्या ट्रॉलीपर्यंत पोचलाच नव्हता.

मी हँडल वळवलं. गाडी साइडपट्टीवरून खाली गेली आणि आम्ही दोघं शेतात पडलो. मला खरचटलं. चाचांच्या गळपट्टीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण नीट जुळलं नाही. आजही नमाजनंतर दुआला हात उचलतात तेव्हा त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा थोडा खाली राहतो. ते कधी काही बोलले नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी तिकडे बघतो.

दोष ट्रॉलीचा होताच. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दर गळीत हंगामात रस्त्यावर असतात. दरवर्षी रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, पेपरात फोटो येतो, आणि तरी अंधारात काही ट्रॉल्या तशाच उभ्या असतात. त्यावर लिहायलाच हवं, अनेकांनी लिहिलंही आहे. पण आज मला माझ्या वाट्याच्या दोषाबद्दल बोलायचं आहे. रंगाला आणि क्रोमला मी जेवढा खर्च केला होता, त्याच्या अगदी थोड्या हिश्शात चार्जिंग दुरुस्त झालं असतं. आणि हे मला आधी सांगितलंही गेलं होतं.

सांगणारे होते मिरजेतले एक ऑटो इलेक्ट्रिशियन. आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. अपघाताच्या वर्षभर आधी त्यांनी मीटर लावून बघितलं होतं आणि म्हणाले होते, "कटआउट गेलाय. इलेक्ट्रॉनिक बसवू." मी नको म्हटलं. कारण माझा कटआउट 'ओरिजिनल' होता. कंपनीची खूण असलेला, काळ्या डबीतला. ओरिजिनल भाग काढला की गाडीची किंमत जाते, असं मला जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी शिकवलं होतं.

ही काळी डबी काय करते, ते समजून घेऊ. येझदीचं मूळ घराणं जावाचं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून या गाड्या बनवल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे त्या कारखान्यातली अगदी शेवटची गाडीसुद्धा आता तिशीकडे आली. या घराण्याच्या जुन्या २५० सीसी गाड्यांत ६ व्होल्टचा, ४५ वॅटचा डायनॅमो असतो. इंजिन फिरलं की डायनॅमो फिरतो आणि वीज तयार होते. पण इंजिन कधी हळू फिरतं, कधी जोरात. फेऱ्या वाढल्या की व्होल्टेज वाढतं. ते मोकळं सोडलं तर बॅटरी उकळेल, बल्ब उडतील. डबीत दोन छोटी विद्युतचुंबकं असतात. एक, डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की दोघांना जोडतं आणि खाली आलं की तोडतं, नाहीतर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी होईल. हा खरा कटआउट. दुसरं, व्होल्टेज फार वाढलं की डायनॅमोच्या फील्डचा करंट कमी करतं. हा रेग्युलेटर. गॅरेजमध्ये दोन्ही मिळून 'कटआउट' हेच नाव पडलं.

हे सगळं काम स्प्रिंगच्या ताणावर आणि दोन छोट्या पॉइंटांच्या उघडझापीवर चालतं. दर उघडझापीला बारीक ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या पडून पॉइंटांना खड्डे पडतात, स्प्रिंग सैलावते, गाडीच्या हादऱ्यानं सेटिंग हलतं. कानस मारून, पत्रा वाकवून ते परत जुळवता येतं, पण काही महिन्यांपुरतं. पॉइंट उघडेच राहिले तर चार्जिंग बंद. चिकटून राहिले तर उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत संपते आणि वायरी तापतात. चांगल्या काळातसुद्धा या गाडीचा हिशोब तंगच असतो. कमाई ४५ वॅट. हेडलाइट ३५ वॅट, मागचा दिवा ५ वॅट, वर इग्निशन कॉइलचा खर्च. म्हणजे रात्री गाडी थोडीफार उधारीवरच चालते, आणि ती उधारी दिवसा फेडायची असते. कटआउट बिघडला की फेडणं बंद होतं.

अपघातानंतर मी उस्तादांकडे गेलो, तेव्हा ते रागावले नाहीत. जुना कटआउट उघडून माझ्या हातात ठेवला. पॉइंट काळे पडले होते, एका बाजूला झिजून तिरपे झाले होते. ते म्हणाले, "ओरिजिनल है ना? शोकेस में रख." मग डायनॅमोचे कार्बन ब्रश बघितले, कम्युटेटर साफ केला आणि त्यानंतरच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हातात घेतला. त्यात पॉइंट नाहीत, स्प्रिंग नाही, झिजण्यासारखं काही नाही. तेच काम ट्रान्झिस्टर आणि डायोड करतात. माझा चेहरा बघून त्यांनी ते छोटं सर्किट जुन्या काळ्या डबीतच बसवलं. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. कंपनीची खूण जागेवर आहे. गाडी चालू करून मीटर लावला. मधल्या रेसला सात व्होल्टच्या थोडं वर, रेस वाढवली तरी काटा तिथंच. हेडलाइट लावला तरी फारसा हलला नाही. लाल दिवा रेस देताच विझला.

उस्तादांचं दुकान मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून लांब नाही. त्या दिवशी परत येताना मी तिथून चालत गेलो आणि 'ओरिजिनल' या शब्दाचा विचार करत राहिलो. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारांना धार लावणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस गेले तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवला. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ मध्ये मिळालेलं. त्यांनी "आमचं ओरिजिनल काम धार लावायचं" म्हणून हट्ट धरला असता तर? कारागिरीत टिकवायची गोष्ट कोणती आणि बदलायची कोणती, हे ओळखणं हीसुद्धा कारागिरीच. वस्तू ज्या कामासाठी जन्मली ते काम तिनं करत राहावं, ही माझ्या मते वस्तूची खरी इज्जत. मोटारसायकलचं काम माणसाला घरी पोचवणं आहे. ओरिजिनल कटआउटनं आम्हाला शेतात पोचवलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुन्या गाडीवर पैसे घालणार असाल तर पहिला मान ब्रेकला, दुसरा चार्जिंगला. रंग आणि क्रोम त्यानंतर. आणि चार्जिंगमध्ये हात घालणार असाल तर मोजून घाला, अंदाजानं नको. कारण अर्धवट माहितीवर केलेला 'अपग्रेड' हा बिघडलेल्या कटआउटपेक्षा कमी धोक्याचा नसतो. मी अशा तीन चुका वारंवार बघतो.

पहिली चूक, कमाई न बघता खर्च वाढवणं. दिवा मंद आहे म्हणून जास्त वॅटचा बल्ब. चार दिवस बरं वाटतं, मग बॅटरी बसते. घरात पगार तेवढाच असताना हप्ते वाढवण्यासारखं हे आहे. जुन्या डायनॅमोच्या गाडीला कमी वॅटचा चांगला एलईडी हा शहाणा उपाय आहे, कारण तिथे गरज कमी झाली की रेग्युलेटर फील्डचा करंटही कमी करतो आणि डायनॅमोला खरोखर विश्रांती मिळते. काही जण त्याच डायनॅमोवर १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावतात. तेही जमतं, पण १२ व्होल्ट यायला इंजिनच्या फेऱ्या जास्त लागतात. गावातल्या गर्दीत हळू चालणाऱ्या गाडीचं चार्जिंग उशिरा सुरू होतं. शिवाय बॅटरी, बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल सगळंच १२ व्होल्टचं करावं लागतं. एकच भाग बदलून हे होत नाही.

दुसरी चूक मॅग्नेटोच्या गाड्यांची. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या शंभर सीसीच्या अनेक गाड्या आपल्याकडे अजून दूध घालतात, कांड्या-बांगड्या विकायला बाजार फिरतात, शेतावर डबा नेतात. त्यांच्यात फिरतं लोहचुंबक आणि त्याच्या आत स्थिर कॉइल असते. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो, त्यामुळे रेस कमी केली की दिवा मंद. आमच्या घरी पूर्वी प्रिया स्कूटर होती. आपल्या साताऱ्यातच बनलेली. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून काढली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडायची. तिचा दिवाही असाच. खड्डा दिसावा म्हणून अब्बा खड्ड्याआधी ॲक्सिलरेटर पिळायचे! वेग कमी करायच्या जागी वाढवायचा, हा त्या दिव्याचा कायदा होता.

अशा गाड्यांत बॅटरीला कॉइलच्या विजेच्या अर्ध्याच लाटा जातात. हाफ वेव्ह म्हणतात ते हेच. पूर्ण लाटा वापरणारा, फुल वेव्ह रेग्युलेटर बसवून हेडलाइट बॅटरीवर घेतला की दिवा उभ्या गाडीवरही तेवढाच राहतो. हा अपग्रेड उत्तम आहे. पण एक अट आहे. मूळ कॉइलचं एक टोक आत प्लेटला अर्थ केलेलं असतं. ते सोडवून, वेगळी वायर काढून बाहेर आणावं लागतं. तो त्रास वाचवण्यासाठी काही जण नुसती डबी बदलून देतात. मग विजेची एक लाट बॅटरीकडे जाते आणि दुसरी रेग्युलेटरच्या डायोडमधून कॉइलमध्येच शॉर्ट होते. पहिले काही दिवस सगळं ठीक दिसतं. आत कॉइल तापत असते. एक दिवस जळका वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतो, "कॉइलच डुप्लिकेट निघाली."

तिसरी चूक, एलईडी लावला की सगळ्याच गाड्यांत आराम पडतो असं समजणं. मॅग्नेटोचं चुंबक कायमचं असतं, त्याची ताकद डायनॅमोच्या फील्डसारखी कमी करता येत नाही. म्हणून साधा, शंट प्रकारचा रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून कॉइलमध्येच परत फिरवतो. खर्च कमी केला की शॉर्ट करायचं जास्त उरतं आणि रेग्युलेटर उलट जास्त तापतो. अशा वेळी सिरीज प्रकारचा रेग्युलेटर बरा. तो नको असलेली वीज घेतच नाही, त्यामुळे कॉइलला विश्रांती मिळते. मात्र जोडणी उघडी असताना कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज बरंच वर चढतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉइलचं वार्निश तडकलेलं असेल तर ते सहन होईलच असं नाही. आधी कॉइल तपासा, मग सिरीज लावा. आणि कुठलाही रेग्युलेटर लावा, तो वाऱ्यावर, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसलेला हवा. रंगावर बसवलेल्या रेग्युलेटरला ना अर्थ मिळतो, ना थंडावा.

हे सगळं आपल्याला पाठ असायची गरज नाही. पण एक मीटर लावून चार आकडे बघायची गरज नक्की आहे. १२ व्होल्टची चांगली बॅटरी, गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू करून मधल्या रेसला १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंग अपुरं. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, आणि बॅटरी फुगायच्या आत थांबा. चौथा आकडा हेडलाइट लावून घ्या, कारण अंधारात गाडी दिवा लावूनच चालवायची आहे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. ज्या गाड्या त्याआधीच्या आहेत, त्यांचा दिवा लागतो की नाही हे बघणारं मालकाशिवाय कुणी नाही.

आता एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही जा, बॅटरीवाल्याच्या, वायरिंगवाल्याच्या, रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात आपली मुलं दिसतात. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंही नोंदवलं. त्यावर आपण शिक्षण आणि नोकऱ्यांच्या अंगानं बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण जे काम हातात आहे त्याची किंमत आपण तरी करतो का? उस्तादांनी वर्षभर आधी माझ्या गाडीला अर्धा तास मीटर लावला होता. मी त्यांना त्या अर्ध्या तासाचा एक रुपया दिला नाही. भाग बदलला नाही, मग पैसे कशाचे, असा माझा हिशोब. डॉक्टरनं तपासून "काही झालेलं नाही" म्हटलं तरी आपण फी देतो. मेस्त्रीनं तपासून बिघाड शोधला तरी देत नाही. मग तो काय करणार? पैसे भागातच मिळतात म्हटल्यावर तो न तपासता भाग बदलायला लागतो. न मोजता डबी बदलायची सवय अर्धी तरी आपण गिऱ्हाइकांनीच लावली आहे.

आणि उस्तादांकडे हे जे ज्ञान आहे, ते त्यांच्या हातात आहे, कागदावर कुठेच नाही. त्यांच्याकडे दोन पोरं शिकतात. एक आयटीआयला जातो आणि संध्याकाळी दुकानात बसतो. वर्गात वाचलेली 'हाफ वेव्ह' त्यानं उस्तादांच्या टेबलावर, जळालेल्या कॉइलचा वास घेऊन ओळखली. असं दोन्हीकडून शिकणारं पोर मला उद्याचा खरा कारागीर वाटतं. तुमच्या ओळखीत गॅरेजला लागलेला मुलगा असेल तर त्याला पान्यांच्या सेटआधी एक चांगला मीटर घेऊन द्या, आणि आयटीआय सोडू देऊ नका.

जुनी गाडी ठेवावी की मोडीत काढावी, यावर वाद होत राहील. माझं म्हणणं एवढंच, की ठेवायची तर रात्री रस्त्यावर नेण्याच्या लायकीची ठेवा. नाहीतर अंगणात उभी करा आणि फोटो काढा. लवकरच कारखान्यांचे बॉयलर पेटतील. आष्टा, तासगाव, पलूस, कराड, सगळ्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागेल. त्याआधी एक संध्याकाळ काढून गाडी वायरिंगवाल्याकडे न्या. आकडे लिहून घ्या आणि काही बदललं नाही तरी त्याचे पैसे देऊन या.

माझा जुना कटआउट उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे शोकेसमध्ये आहे. चाचा घरी आले की कधी कधी तो हातात घेऊन बघतात आणि जागेवर ठेवतात. राजवाड्यावर गाडी दिसली तर ॲव्हरेज विचारू नका. चार्जिंग किती येतं ते विचारा. मीटर टूलबॉक्समध्येच असतो. तुमच्याही गाडीला लावून बघू.